वराहमांस आणि गोव्याची चूल

नाताळच्या आदल्या दिवशी गोव्यातील ख्रिस्ती घरात दोन ठिकाणी दोन निराळी कामे चाललेली असतात. ओसरीवर ताटे मांडलेली असतात. त्यांत नेवऱ्या, दोदोल, बिबिंका असे गोड पदार्थ रचून वर विणलेला रुमाल घातला, की ती ताटे शेजारच्या हिंदू घरी पोचती होतात. आत, स्वयंपाकघरात, मातीच्या भांड्यात सरपातेल असते. ते दोन दिवसांपूर्वीच शिजलेले असते. त्याला रोज एकेक कढ द्यावयाचा आणि चव मुरू द्यावयाची, एवढेच उरलेले असते. ओसरीवरची ताटे गावभर फिरतात. आतले भांडे मात्र उंबरठा ओलांडीत नाही.

चतुर्थीच्या दिवसांत त्याच शेजारघरातून नेवऱ्यांचे ताट उलट दिशेने येते. दोन्ही घरांचे गाव एक, बोली एक, आणि पुष्कळदा मागे गेल्यास मूळपुरुषही एकच निघतो. चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी एका शाखेने धर्म बदलला, दुसरीने बदलला नाही. पुढे आडनावे बदलली, पोशाख बदलला, देवघराच्या जागी वेदी आली. तरी तांदूळ, मासळी, नारळ आणि आमसूल ही दोन्ही घरांत सारखीच राहिली. जी वस्तू सारखी राहिली नाही, ती त्या भांड्यात आहे. डुकराचे मांस हा गोव्यातील दोन घरांमधला सर्वांत जुना आणि सर्वांत अबोल असा कुंपणाचा दगड आहे.

हे अन्न या चुलीवर आले कसे, या प्रश्नाची दोन उत्तरे सामान्यतः दिली जातात. पोर्तुगीजांनी ते आणले, हे पहिले; आणि धर्मांतरितांच्या निष्ठेची खूण म्हणून ते त्यांच्या गळी उतरविण्यात आले, हे दुसरे. दोन्ही उत्तरे खोटी नाहीत. पण दोन्ही अपुरी आहेत. एखादी वस्तू घरात कोणी आणली, याने ती घरची कशी झाली हे कळत नाही. आणि लादलेली वस्तू लादणारा निघून गेल्यावरही घरात का राहते, याचा उलगडा तर मुळीच होत नाही.

प्रथम पोर्तुगीजांच्या आधीचे पाहिले पाहिजे. आपल्या धर्मशास्त्रांची वृत्ती या बाबतीत एकेरी नव्हती. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात, श्राद्धात कोणत्या मांसाने पितर किती काळ तृप्त राहतात याची जी गणती आहे, तीत वराहाच्या मांसाला दहा महिन्यांचे फळ सांगितले आहे. हा वराह म्हणजे अर्थातच रानातला. पाचव्या अध्यायात द्विजाने जाणूनबुजून खाल्ल्यास तो पतित होतो अशा पदार्थांची एक लहानशी यादी आहे. तीत गावात हिंडणारे डुक्कर येते, गावठी कोंबडा येतो, अळंबी येते, आणि त्यांच्या जोडीला लसूण व कांदाही येतो. म्हणजे आक्षेप प्राण्याच्या जातीवर तितका नव्हता, जितका तो काय खातो आणि कोठे वावरतो यावर होता. रानातले डुक्कर शिकारीचे मानकरी, गावातले अस्पृश्य. क्षत्रियांनी हा भेद पुढे शतकानुशतके पाळला.

त्याचे सर्वांत रसाळ प्रमाण ज्या ग्रंथात मिळते, त्याचा गोव्याशी जवळचा संबंध आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३०च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. राज्यव्यवहारापासून हत्ती, रत्ने, संगीत आणि खेळांपर्यंत राजाला ठाऊक असावे असे सर्व त्यात आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी तो संपादून प्रसिद्ध केला. त्याच्या 'अन्नभोग' या प्रकरणात वराहमांसाची कृती इतक्या तपशिलाने दिली आहे की, लिहिणारा राजा केवळ ताटावर बसणारा नव्हता, मुदपाकखान्यात डोकावणाराही होता, अशी खात्री पटते. वराहाच्या अंगावर पांढरे वस्त्र घालून त्यावर कढत पाणी ओतावे, केस सैल झाले म्हणजे सुरीने खरवडून काढावेत. अथवा गवताच्या जाळावर ते जाळून टाकावेत. मग मांस निखाऱ्यावर भाजावे, त्याचे तुकडे करून मीठ आणि आंबट घालून परतावेत. चरबीसकट ताडपत्रासारख्या पातळ पट्ट्या कापून त्या दह्यात मुरविण्याचा प्रकारही तेथे आहे. आतडी धुऊन, त्यांत मसाला भरून, ती निखाऱ्यावर भाजण्याची कृतीही आहे. तिला 'मंडलिया' असे नाव दिले आहे. गोव्यातील चोरिस पाहिलेल्या माणसाला ती वाचून थबकल्यासारखे होईल.

या राजघराण्याचे लांछन वराह हेच होते, हा योगायोग मौजेचा आहे. राजमुद्रेवर ज्याला पूज्य मानावयाचे त्याचीच पाककृती ग्रंथात लिहावयाची, यात त्या काळाला काही विसंगत वाटले नसावे. गोव्याचा संबंध असा की, सोमेश्वराची बहीण मैलळदेवी ही गोव्याचा कदंब राजा दुसरा जयकेशी याला दिलेली होती. म्हणजे वराहमांसाची कृती लिहिणारा राजा आणि गोव्याचा राजा हे मेहुणे होत. यावरून त्या काळी गोव्यात काय शिजत होते हे सिद्ध होत नाही, आणि तसा दावा करणे उतावळेपणाचे होईल. परंतु पोर्तुगीज येण्यापूर्वी चारशे वर्षे, या प्रदेशावर छाया असलेल्या दरबारात हे मांस आदराने ताटात वाढले जात होते, एवढे निश्चित. म्हणजे सोळाव्या शतकात जे आले ते या मांसाचे पहिलेच पाऊल नव्हते. नवीन होते ते गावातले, घरामागे वाढविलेले डुक्कर, आणि त्याच्यासोबत आलेला एक नवा अर्थ.

तो अर्थ पोर्तुगालातून आला. इबेरियन द्वीपकल्पात ख्रिस्ती, मुसलमान आणि यहुदी शतकानुशतके एकत्र राहत होते. पुढे ख्रिस्ती सत्ता दृढ झाल्यावर बाकीच्या दोघांस धर्म बदलणे अथवा देश सोडणे भाग पडले. पोर्तुगालमध्ये यहुद्यांचे सरसकट सक्तीचे धर्मांतर १४९७ साली झाले. अशा रीतीने ख्रिस्ती झालेला माणूस मनातून खरोखर ख्रिस्ती आहे काय, हे कसे ओळखावे? यहुदी आणि मुसलमान दोघांनाही डुक्कर निषिद्ध. तेव्हा स्वयंपाकघर हेच न्यायालयाचे साक्षीदार झाले. १५३६ साली पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशनची स्थापना झाली, त्या वेळी गुप्तपणे यहुदी धर्म पाळणाऱ्यांची लक्षणे लोकांस जाहीररीत्या वाचून दाखविण्यात आली. डुकराची चरबी न खाणे हे त्यांतील एक लक्षण होते. पोर्तुगालच्या उत्तर भागात आल्येइरा नावाचे एक प्रकारचे सॉसेज मिळते. त्यात पूर्वी डुक्कर नसे, कोंबडीचे मांस आणि पाव असे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे की हे घर डुक्कर खाते, म्हणून यहुद्यांनी ते शोधून काढले, असे तेथे सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, ज्या समाजात अशी गोष्ट जन्मते तेथे चुलीवर काय टांगले आहे याकडे शेजारी कसे पाहत असतील याची कल्पना येते.

१५१० साली आल्बुकर्कने गोवा घेतला आणि ही सारी मनोवृत्ती जहाजांबरोबर मांडवीच्या तीरावर उतरली. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आले. मधली चार वर्षे वगळता ते १८१२पर्यंत राहिले. येथील नवख्रिस्त्यांचे पूर्वज यहुदी नव्हते, हिंदू होते. म्हणून लक्षणांची यादी पालटली. अ. का. प्रियोळकरांनी गोव्याच्या इन्क्विझिशनवरील आपल्या ग्रंथात १७३६चा जाहीरनामा दिला आहे, तो या दृष्टीने मुळातून वाचण्यासारखा आहे. तुळस लावू नये, लग्नात विडे-सुपाऱ्या वाटू नयेत, धोतर आणि चोळी घालू नये, अशी कलमांमागून कलमे येतात. त्यांत एक कलम भाताचे आहे. हिंदू लोक भात अळणी शिजवून मीठ मागाहून आपापल्या रुचीप्रमाणे घेतात, तसे ख्रिस्त्यांनी करू नये! राज्यसत्तेने प्रजेच्या भातात मीठ कधी पडते यावर लक्ष ठेवावे, याहून तिच्या अविश्वासाचे निराळे प्रमाण नको. भाताचे मीठ जेथे पुरावा होत होते, तेथे डुकराच्या मांसाला नको म्हणणाऱ्या घराकडे कोणत्या नजरेने पाहिले जात असेल, हे सांगावयास नको.

आणि त्या घराच्या बाजूने पाहिले तर? पिढ्यान्‌पिढ्या ज्याचा स्पर्श विटाळ मानला, ते तोंडात घालावयाचे. वर मनूच्या यादीतील गावचे डुक्कर, कांदा आणि लसूण ही तिन्ही एकाच भांड्यात. हा घास एकदा गिळल्यावर परतीची वाट उरत नव्हती. जुनी जात आणि जुने आप्त त्या क्षणी तुटत होते. पहिल्या पिढीतील एखाद्या स्त्रीला ते मांस चुलीवर ठेवताना काय वाटले असेल, ते कोणत्याही दप्तरात नमूद नाही. दप्तरे लिहिणाऱ्यांना तो प्रश्न पडला नव्हता.

तिच्या हातून जे घडले ते मात्र आज खावयास मिळते.

पोर्तुगीजांचा एक पदार्थ आहे, त्याचे नाव 'कार्नि द वीन्य द आल्युश'. म्हणजे द्राक्षमद्यात आणि लसणीत मुरविलेले मांस. मादैरा बेटावर तो अजूनही नाताळात होतो. द्राक्षमद्य किंवा त्याचा शिरका, लसूण, मीठ, तमालपत्र यांत डुकराचे मांस एकदोन दिवस ठेवावयाचे आणि मग शिजवावयाचे अथवा तळावयाचे. पदार्थ साधा आहे. आंबट आणि मीठ यांच्यामुळे मांस टिकते, हा त्याचा गुण. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या राष्ट्राला तो प्रिय असावा यात नवल नाही.

गोव्यात द्राक्षे नव्हती. माड होते. माडाची सूर काढण्याची कला येथे पोर्तुगीजांच्या पुष्कळ आधीपासून होती. सतराव्या शतकाच्या आरंभी गोव्यात राहून गेलेला फ्रेंच प्रवासी पिरार याने माडापासून मिळणाऱ्या वस्तूंचे जे कौतुक केले आहे त्यात मद्य, गूळ आणि शिरका ही तिन्ही आहेत. ताजी सूर मातीच्या भांड्यात भरून ठेवली, तीत कौलाचा तापवून लाल केलेला तुकडा टाकला, आणि काही आठवडे तसेच राहू दिले, की तिचा शिरका बनतो. द्राक्षाच्या शिरक्यापेक्षा तो सौम्य असतो आणि त्याला किंचित गोडसर वास असतो. परक्या पदार्थातला पहिला घटक असा घरच्या झाडाने बदलून घेतला.

दुसरा बदल पाट्या-वरवंट्यावर झाला. लसणीबरोबर जिरे, मिरी, दालचिनी, लवंग, आले, हळद वाटली जाऊ लागली. हे मसाले शोधीत पोर्तुगीज अर्धी पृथ्वी फिरून आले होते. येथे ते रोजच्या वाटणात होते. त्यात अमेरिकेतून पोर्तुगीजांनीच आणलेली मिरची पडली. आज मिरचीवाचून हिंदुस्थानी स्वयंपाक सुचत नाही, पण सोळाव्या शतकापूर्वी ती या देशात कोणी पाहिलेली नव्हती. तिखटपणा मिरीचा आणि पिंपळीचा असे. वाटण पाण्यात करावयाचे नाही, शिरक्यातच करावयाचे, हा विंदालूचा कायदा आहे. वाटण मांसाला चोळून रात्रभर ठेवावयाचे, दुसऱ्या दिवशी मंद विस्तवावर त्याच्याच चरबीत शिजू द्यावयाचे. वरून पाणी शक्य तो घालावयाचे नाही. ओला नारळ तर मुळीच नाही. कारण नारळ पडला की पदार्थ दुसऱ्या दिवशी आंबतो. ज्या स्वयंपाकात प्रत्येक आमटीला नारळ लागतो, तेथे हा एक पदार्थ नारळाशिवाय होतो, आणि तरीही माडाचाच राहतो, कारण त्याचा शिरका माडाचा आहे. अशा रीतीने 'वीन्य द आल्युश'चे विंदालू झाले. नाव थोडे मोडले; पदार्थ पुरता निराळा झाला.

हा बदल कोणत्या घरात प्रथम झाला असेल? आल्बुकर्कने आपल्या शिपायांस येथील स्त्रियांशी विवाह करून स्थायिक होण्यास उत्तेजन दिले होते. अशा विवाहित पोर्तुगीजांचा एक वर्गच गोव्यात निर्माण झाला. नवऱ्याची आठवण मांसाची आणि शिरक्याची, बायकोचा हात वाटणाचा. या दोहोंची गाठ पडण्यास त्याच्या घराइतकी सोयीची जागा दुसरी नसावी, असे मानण्यास जागा आहे. नंतर ती कृती गावोगावच्या नवख्रिस्ती घरांत पसरली असेल.

याच काळात, १६१६ साली, फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' सासष्टीतील राशोल येथे छापले गेले. परदेशच्या धर्मकथेला मराठी ओवीचा वेष मिळाला आणि ती येथील लोकांच्या तोंडी बसली. स्वयंपाकघरातही तेच चालले होते. फरक इतकाच की, तेथे लेखक अनामिक होत्या आणि ग्रंथ रोज संध्याकाळी संपून जात होता.

सरपातेलाची कथा अशीच आहे. पोर्तुगालमध्ये, विशेषतः आलेंतेजू प्रांतात, 'सारापातेल' नावाचा पदार्थ होतो. ब्राझीलच्या ईशान्य भागातही तो गेला आहे. जनावराचे काहीही वाया जाऊ नये हे त्यामागचे शेतकरी शहाणपण. मांस, काळीज, हृदय अर्धवट उकडून अगदी बारीक चिरावयाचे, एकेक प्रकार निराळा परतून घ्यावयाचा, मग सर्व एकत्र करून शिरक्याच्या वाटणात शिजवावयाचे. जुन्या रीतीत रक्तही घालीत. गोव्यात या पदार्थाने घरातील सर्वांना कामाला लावले. बारीक चिरण्याचे काम एकट्याने उरकत नाही. आजीपासून नातवंडांपर्यंत सारे सुऱ्या घेऊन बसतात, आणि लग्नाच्या वाटाघाटींपासून गावच्या भांडणांपर्यंत सर्व विषय त्या बैठकीत चिरले जातात. पदार्थ त्याच दिवशी खाणे हा अडाणीपणा समजला जातो. तिसऱ्या दिवशी त्याची चव लागते, असे म्हणतात. सोबत सान्नां, तांदळाचे पीठ सुरेने फुगवून उकडलेली, इडलीची थोडी गोडसर बहीण.

तिसरा प्रकार चोरिस. याला पोर्तुगीज नाव असले तरी याचे खरे कारण गोव्याचा पाऊस आहे. जूनपासून समुद्र बंद होतो, मासळी मिळेनाशी होते, गावे एकमेकांपासून तुटतात. त्या दिवसांसाठी मे महिन्यात जी बेगमी करावयाची तिला 'पुरुमेंत' म्हणतात. हा शब्दही पोर्तुगीज 'प्रोव्हिमेंतु'वरून आलेला. सुकी मासळी, आमसुले, मिरच्या, तांदूळ, आणि ख्रिस्ती घरात चोरिसांच्या माळा. मांस मीठ लावून वजनाखाली दाबून त्यातले पाणी काढावयाचे, उन्हात सुकवावयाचे, मिरची, लसूण, हळद, शिरका आणि थोडी फेणी यांत मुरवून आतड्यात भरावयाचे, आणि मण्यांसारख्या गाठी मारून माळ चुलीवर धुरात टांगावयाची. बाहेर आठवडाभर मुसळधार असली, की माळेतील चार मणी तोडून कांदा आणि बटाट्याबरोबर शिजवले म्हणजे रात्रीचे जेवण झाले. इतके सोपे जेवण गोव्याच्या स्वयंपाकात दुसरे क्वचित असेल. चरबी आतच असते, मसाला आतच असतो; बाईला फक्त कांदा चिरावा लागतो.

घरामागचे डुक्कर ही या सर्वाची आर्थिक बाजू होय. गाय-बैल शेतासाठी, बकरा महाग. डुकराला मात्र वेगळे खाद्य लागत नसे. घरातील उरलेसुरले आणि परसदारची घाण त्याच्या वाट्याला जाई. गोव्यातील जुन्या घरांची परसदारची व्यवस्था याच हिशेबाने बांधलेली असे. मनूचा आक्षेप नेमका यावरच होता हे लक्षात घेतले, म्हणजे शेजाऱ्याच्या तिटकाऱ्यालाही एक जुने कारण होते हे कळते. आधुनिक स्वच्छतागृहांनी ती व्यवस्था गेल्या काही दशकांत बहुतेक मोडीत काढली, आणि तिच्याबरोबर घरचे डुक्करही गेले.

विंदालू, सरपातेल आणि चोरिस यांची कीर्ती फार झाल्यामुळे एक चौथा प्रकार इतिहासाच्या नजरेतून सुटतो. वस्तुतः तोच सर्वांत बोलका आहे. त्याला 'सोलांतुलें' म्हणतात. सोलां म्हणजे आमसुले. डुकराचे मांस, लसूण, आले, हळद, मिरची, आणि शिरक्याच्या जागी मूठभर आमसुले, बस्स. रात्रभर मुरविणे नाही, तीन दिवसांचे कढ नाहीत. मांस शिजत आले की आमसुले टाकावी, रस्सा काळसर तांबडा झाला की उतरावे, आणि उकड्या तांदळाच्या भाताबरोबर वाढावे. हा सणाचा पदार्थ नव्हे, कुटुंबाच्या नेहमीच्या जेवणाचा आहे. यात पोर्तुगीज काय आहे? कृती नाही, नाव नाही, आंबट नाही. मिरची आणि डुक्कर ही दोनच आगंतुक. बाकी ही कोकणातली कोणत्याही हिंदू घरातली आमसुलाची मासळीची आमटी आहे. मासळीच्या जागी मांस आहे एवढेच. ज्या बाईने प्रथम हे मांस आमसुलात टाकले, तिने परका पदार्थ शिकून घेतला नाही. आपल्या आईची आमटी तिने पुढे चालविली. धर्म बदलल्यावर तिच्याकडून पुष्कळ काही काढून घेण्यात आले होते. आमसुलाचे मडके कोणी काढून घेतले नव्हते.

तरीही शंका उरते. सत्ता डोक्यावर होती म्हणून हे अन्न टिकले, असे कोणी म्हणेल. याचे उत्तर इतिहासाने दोन ठिकाणी देऊन ठेवले आहे.

पहिले ठिकाण वसई. १५३४ साली वसई आणि तिच्या आसपासचा साष्टीचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि तेथे मराठी बोलणारा ख्रिस्ती समाज निर्माण झाला. १७३९च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज सत्ता उठली, इन्क्विझिशनचा हात तेथवर पोचेनासा झाला. आता डुकराचे मांस खाल्ले नाही तर कोणी विचारणारे नव्हते. उलट ते सोडले असते तर नव्या राज्यकर्त्यांच्या आणि भोवतालच्या समाजाच्या नजरेत काही गैर झाले नसते. पण त्या समाजाने ते सोडले नाही. पुढे १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, नोकऱ्यांसाठी मुंबईत येणाऱ्या गोवेकरांपासून आपले वेगळेपण दिसावे म्हणून या लोकांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. गोवेकरांपासून वेगळे व्हावयाचे, पण सरपातेल दोघांचेही! लग्नात त्यांच्याकडे उंबराच्या पाण्याचा विधी आहे, गाणी मराठी आहेत, आणि जेवणात सरपातेल व इंदियाल आहेत. इंदियालात विंदालूची आठवण उघड आहे. मसाला मात्र निराळा. उन्हाळ्यात बायका एकत्र येऊन वीस-पंचवीस जिन्नस भाजतात, कुटतात, आणि काळ्या बाटल्यांत ठासून भरतात. म्हणून त्याला बॉटल मसाला म्हणतात.

दुसरे ठिकाण मंगळूर. सोळाव्या शतकापासून अठराव्या शतकापर्यंत गोव्यातून ख्रिस्ती कुटुंबांचे लोंढे दक्षिणेकडे कानडी मुलखात गेले. दुष्काळ हे एक कारण. १६८३ची संभाजी महाराजांची आणि पुढे १७३९-४०ची मराठ्यांची स्वारी हे दुसरे. आणि इन्क्विझिशनची दहशत हे तिसरे. आपल्या जुन्या चालीरीती आणि पोशाख सोडवेनात, म्हणून जे निघाले, ते जाताना काय घेऊन गेले? आपली कोंकणी, लग्नातील रोसाचा विधी, आणि डुकराच्या मांसाची कृती. ज्या न्यायालयाच्या भीतीने घर सोडले, त्याची खूण म्हणून जर ते मांस त्यांच्या मनात असते, तर काळी नदी ओलांडताच त्यांनी ते प्रथम टाकले असते. १७८४ साली टिपू सुलतानाने या समाजाला कैद करून श्रीरंगपट्टणला नेले. १७९९मध्ये टिपू पडल्यावर वाचलेले लोक परतले, आणि मोडलेली घरे त्यांनी पुन्हा उभी केली. आज मंगळुरी ख्रिस्ती घरात कोणतेही मंगलकार्य 'दुकरा मास' आणि सान्नां यांच्याशिवाय पुरे होत नाही. तेथे बाफाताचा मसाला असतो, रस्सा अधिक असतो. गोवेकर आणि मंगळूरकर यांच्यात कोणाचे चांगले यावर वाद होतो आणि तो मिटत नाही.

बाहेरच्या जगात मात्र यांतील एकाच पदार्थाने नाव काढले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, नेपोलियनशी युद्ध चालू असताना, इंग्रजी पलटणी गोव्यात काही वर्षे तळ देऊन होत्या. डुक्कर किंवा गोमांस शिजविण्यास ज्याला कसलाही अडसर नाही असा गोवेकर आचारी इंग्रजांना मोठा सोयीचा वाटला. पुढे इंग्रजांच्या बंगल्यांत, क्लबांत, आगगाडीच्या भोजनगृहांत आणि आगबोटींवर गोवेकर आचारी पसरले. मुंबईत धोबीतलावाच्या परिसरात गावोगावच्या गोवेकरांच्या 'कूड' नावाच्या वसतिगृहांत बोटीची वाट पाहत खलाशी राहत असत. त्यांच्याबरोबर विंदालू लंडनला पोचले, आणि तेथील उपाहारगृहांत ते केवळ तिखटपणाची एक पायरी बनून राहिले. डुक्कर गेले, त्या जागी कोंबडी किंवा बकरा आला. शिरका कमी झाला, मिरची वाढली. शेवटी त्यात बटाटेही पडू लागले. 'विंदालू' या नावातला शेवटचा 'आलू' हा हिंदीतला आलू होय, अशी कोणा आचाऱ्याची समजूत झाली असावी. तो बिचारा पोर्तुगीज लसूण होता.

ही चूक मराठी किंवा कोंकणी बोलणाऱ्या आचाऱ्याच्या हातून होणे कठीण होते. त्याच्या भाषेत आलू नव्हताच. बटाटा होता, आणि तो शब्द व ती भाजी दोन्ही विंदालूच्याच जहाजांतून आलेली होती. गोव्यातील गृहिणी विंदालूत बटाटा घालीत नाही. तो ती चोरिसांसाठी ठेवते; पावसाच्या संध्याकाळी, चार मणी तोडून, कांद्याबरोबर.